सागरतळाची पेरणी

एरंडोलच्या शेतकऱ्यास पाऊस कोठून येतो असे विचारले, तर तो पश्चिमेकडे बोट दाखवील. तोच पाऊस पुढे कोठे जातो, हा प्रश्न मात्र त्याला सहसा पडत नाही. अंजनीचे पाणी गिरणेत जाते, गिरणा तापीस मिळते, आणि तापी सुरतेपुढे खंबायतच्या आखातात आपला भार उतरविते. १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाल्यापासून गाळाचा बराच भाग वाटेत अडतो हे खरे. तथापि हा संबंध तुटलेला नाही. यास्तव पावसाळा समुद्राच्या काठी व तळाशी काय घडवितो, हे जाणून घेणे समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपणांसही अप्रस्तुत ठरणार नाही.

सागरतळाच्या जीवसृष्टीत कणा असलेले प्राणी थोडे. शिंपले, कालवे, शंख, खेकडे, कोळंबी, चिखलात बिळे करून राहणारे कृमी, यांचीच तेथे दाट वस्ती. त्यांच्यावर कित्येक जातींचे मासे जगतात, आणि माशांवर कोळी. या मुक्या प्रजेवर दर पावसाळ्यात काय ओढवते, हे शास्त्रज्ञांस फार उशिरा कळले. आणि त्या उशिराचे कारण मोठे मौजेचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदी सागराच्या पाहणीसाठी ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाचे जहाज फिरत असे, व त्यावर एक निसर्गशास्त्रज्ञ डॉक्टर नेमलेला असे. आल्फ्रेड अल्कॉक हे त्यांपैकी एक. त्यांनी आपल्या सफरींचे वर्णन १९०२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. परंतु या जहाजाचा हंगाम उघडिपीचा. मृगाची चाहूल लागली की ते मुंबईच्या गोदीत विसावावयाचे, ते समुद्र निवळेपर्यंत. म्हणजे ज्या महिन्यांत सागरतळी सर्वांत मोठी उलथापालथ होते, नेमक्या त्याच महिन्यांत पाहणारे डोळे किनाऱ्यावर असत! आपले कोळीही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवीत. भर पावसाळ्यातील समुद्राची बखर लिहावयास त्यामुळे कोणीच हजर नव्हते.

पहिला धागा हाती लागला तो दूरवर. १९३३-३४ साली ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजाने स्यूएल यांच्या नेतृत्वाखाली अरबी समुद्राची पाहणी केली. पृष्ठाखाली काही अंतरावर, ज्यात प्राणवायू जवळजवळ नाही असा पाण्याचा एक जाड थर पसरलेला आहे, असे दिसून आले. आणि ओमानच्या बाजूस तर काही ठिकाणी तळाचा चिखल निर्जीव सापडला. हा थर खोल समुद्रातच राहता, तर आपल्या किनाऱ्यास त्याचे भय नव्हते. परंतु १९५९ साली कारुथर्स, गोगटे, नायडू व लेव्हास्टू या चौघांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की मुंबईसमोर हाच थर उथळ तळाचा उतार चढून किनाऱ्याकडे सरकतो. त्याच वर्षी कार्ल बान्से यांनी कोचीसमोरचा असाच अनुभव नोंदविला. पावसाळ्यात तेथील तळ प्राणवायूहीन पाण्याने व्यापला जातो आणि तळचे मासे जाळ्यातून नाहीसे होतात.

हे घडते कसे? नैर्ऋत्य मोसमाच्या दिवसांत वारे व प्रवाह वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सारतात आणि त्याची जागा भरून काढण्यास खालचे थंड पाणी वर येते. पावसाचे व नद्यांचे गोडे पाणी हलके असल्याने झाकणासारखे वर तरंगते. ते हवेतील प्राणवायू खाली जाऊ देत नाही. वरून गळणारे सेंद्रिय द्रव्य तळाशी कुजते व उरलासुरला प्राणवायूही संपविते. मासा पळू शकतो, खेकडा सरकू शकतो; चिखलात रुतलेल्या कृमीने आणि शिंपल्याने जावे कोठे?

काठावरचे संकट निराळे. उधाणाच्या लाटा पुळणीवरील वाळू ओढून नेतात, आणि खाड्यांतील खारेपणा पुराच्या पाण्याने एकाएकी उतरतो. कालव आपली शिंप घट्ट मिटून काही काळ तग धरते. पण पूर लांबला तर तिचाही निरुपाय होतो. १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाल्यावर या गोष्टींचा वर्षभर, पावसाळ्यासकट, मागोवा घेणे शक्य झाले. बाणावलीच्या पुळणीवरील पाचरीच्या आकाराच्या चिमुकल्या शिंपल्याचा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९८० साली परुळेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडवी-जुवारीच्या तळातील प्राण्यांचे वार्षिक चक्र मांडले. पावसाळ्यात तेथे प्राण्यांचा मोठा संहार होतो, आणि पाऊस ओसरताच तळ पुन्हा वसू लागतो, असे त्यातून निष्पन्न झाले.

श्रोतेहो, खानदेशात पेरणी मृगात होते; सागरतळाची पेरणी पाऊस सरल्यावर होते. पाण्यात तरंगणारी सूक्ष्म पिल्ले रिकाम्या तळावर उतरतात, आणि नद्यांनी आणलेल्या व खालून वर आलेल्या पोषक द्रव्यांवर पोसलेले अन्न त्यांस आयते मिळते. जो पावसाळा मारतो, त्यानेच मागून येणाऱ्यांची शिदोरी बांधून ठेवलेली असते. म्हणूनच अल्पायुषी, झटपट वाढणाऱ्या व विपुल संतती देणाऱ्या जाती येथे टिकून राहिल्या.

परंतु हा समतोल अढळ आहे असे समजण्याचे कारण नाही. १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यासमोर तळचा प्राणवायू पूर्णपणे संपून कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू आढळला. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे प्रसिद्ध करताना, जमिनीवरून वाहून येणारी नत्रद्रव्ये या दुखण्यास वाढवीत असावीत, अशी शंका व्यक्त केली. शेतात जे खत पिकास लागत नाही, ते ओहोळातून नदीत व नदीतून समुद्रात जाते. तळचा गुदमर लांबला, तर पाऊस सरल्यावर उतरणाऱ्या पिल्लांस भूमीच मिळणार नाही. मग कोळ्याच्या जाळ्यात यावे काय?

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. समुद्रास दिलेला हा विसावा योग्यच. पण तो केवळ किनाऱ्यावरील लोकांनी पाळावयाचा आहे. आपल्या वाट्याचे काम बांधावरचे आहे. खत पिकापुरते घालावे, आणि पहिल्या जोराच्या सरीत ते वाहून जाणार नाही अशा बेताने घालावे. तेवढ्याने शेतकऱ्याचे पैसे वाचतील; आणि ज्या प्राण्यांची नावेही एरंडोलात कोणी ऐकलेली नाहीत, त्यांच्या पेरणीस थोडा हातभार लागेल.