पान ११८

पाच प्रती बांधून झाल्या आहेत. काळं रेक्झीन, सोनेरी अक्षरं, प्रत्येकी २११ पानं. पान ११७ वरचा तक्ता ४.६ अकरा रकान्यांचा. कागदावर त्यातले सात आहेत, आठवा कडेला कापला गेला आहे. नववा, दहावा आणि अकरावा कुठेच नाहीत. चार वर्षांच्या कामाचा निष्कर्ष त्या तिन्हींत होता.

प्रबंध कल्पित आहे. वर्ड त्यात जसं वागतं, ते मात्र खरं आहे.

बुधवार, सायंकाळी ६:४०
मार्गदर्शक सरांचा फोन. तक्ता ४.६ खाली आकडेवारीचा स्रोत द्यायला हवा. संशोधक विद्यार्थिनी तक्त्याच्या तळाशी एक ओळ वाढवते. उंची ६ मिलिमीटर.

हा तक्ता ए-फोर आकाराच्या आडव्या पानावर आहे. बांधणीच्या बाजूचा समास ३८ मिलिमीटर, समोरचा २५. मजकुराला उभी जागा उरते १४७. मथळ्यासह तक्ता आतापर्यंत १४० मिलिमीटरचा होता. आता १४६ झाला.

६:४१
तक्त्यामागे एक तरी परिच्छेद वर्डला लागतोच. विभाग तक्त्यावर संपू शकत नाही. रिकामा का असेना, परिच्छेद हवा. इतके दिवस तो ७ मिलिमीटरच्या फटीत बसून होता, कुणाला दिसत नव्हता. १ मिलिमीटरमध्ये तो मावत नाही. पुढच्या पानावर जातो आणि आडवं, कोरं पान ११८ तयार होतं. एकूण पानं २१२.

तिने फाइल सेव्ह केली, चहा ठेवला.

रात्री ८:०५
खबरदारी म्हणून फाइल स्वतःलाच मेल करते. या प्रतीत कोरं पान आहे आणि अकराही रकाने आहेत. पुढचे एकवीस तास ही प्रत मेलमध्ये पडून राहील. ती कुणी उघडणार नाही.

१०:२०
अखेरची तपासणी. ११७ नंतर काहीच नाही, मग एकदम प्रकरण पाच. प्रबंधाच्या मधोमध कोरं पान बरं दिसत नाही, हे तिचं म्हणणं रास्तच आहे.

१०:२२
बॅकस्पेस. पान जागेवरच. पुन्हा बॅकस्पेस.

१०:३५
प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला व्हॉट्सअॅप. उत्तर दोन मिनिटांत: ‘अगं, कंट्रोल-शिफ्ट-८ दाब. काय अडकलंय ते दिसेल. मग ते उडव.’

सल्ल्याचं पहिलं वाक्य उत्तम आहे.

१०:३८
लपलेल्या खुणा उमटतात. कोऱ्या पानावर ठिपक्यांची दुहेरी रेघ आणि तिच्यावर शब्द: सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज.

इथे थोडं थांबायला हवं, कारण ती थांबली नाही. वर्डच्या फाइलमध्ये पान नावाची वस्तू साठवलेली नसते. असतात ते परिच्छेद, तक्ते, चित्रं आणि विभाग. कागदाचा आकार, समास, अक्षरांचा साचा पाहून वर्ड पानं दर वेळी नव्याने मांडतं. त्यामुळे पान ‘काढता’ येत नाही. ते ज्याच्यामुळे उपजलं, ते शोधून काढावं लागतं. आणि विभागाची मांडणी, म्हणजे आडवं की उभं, समास किती, शीर्षपट्टी कोणती, हे सगळं विभागाच्या शेवटच्या खुणेत ठेवलेलं असतं. ती रेघ तिच्या वरच्या मजकुराची मालकीण असते. बहुतेकांना ती खालच्याची वाटते. दिसतेच तशी.

१०:४१
दुसरा उपाय अजून हाताशी आहे. त्या रिकाम्या परिच्छेदाची खूण निवडायची, अक्षराचा आकार १ पॉइंट करायचा, मागची-पुढची जागा शून्य आणि ओळींतलं अंतर एकेरी. १ पॉइंटची ओळ सुमारे अर्ध्या मिलिमीटरात बसते आणि पान ११७ वर १ मिलिमीटर मोकळा आहे. कोरं पान गेलं असतं, बाकी काही हललं नसतं. हे काम मिनिटाभराचं आहे.

१०:४२
ती रेघेवर कर्सर ठेवते आणि डिलीट दाबते.

वर्ड काहीही विचारत नाही. इशाऱ्याची चौकट येत नाही. खूण गेली तशी तिच्यातली मांडणीही गेली, आणि तक्ता प्रकरण पाचच्या विभागात सामील झाला. तो विभाग उभा आहे.

पहिला रकाना ४७ मिलिमीटर, पुढचे दहा प्रत्येकी २०, एकूण २४७. रुंदी ठरवून दिलेली असल्याने तक्ता आक्रसत नाही. उभ्या पानावर डाव्या समासापासून कागदाच्या कडेपर्यंत १७२ मिलिमीटर असतात. ७५ मिलिमीटर तक्ता कागदाबाहेर जातो.

उंचीला मात्र आता १४७ ऐवजी २४७ मिलिमीटर आहेत. रिकामा परिच्छेद आरामात ११७ वर येतो. कोरं पान नाहीसं होतं. प्रकरण पाचच्या शीर्षकाला नव्या पानापासून सुरू होण्याची सूचना आधीच दिलेली आहे, त्यामुळे ते ११८ वर बिनचूक उभं राहतं. तळाच्या पट्टीत एकूण पानं: २११. नेहमीचा, ओळखीचा आकडा.

पडद्यावर तक्त्याच्या तळाच्या दोन ओळी दिसत आहेत, उजवीकडे कडेला भिडलेल्या. तो तक्ता तिने नेहमी कडेला भिडलेलाच पाहिला आहे. ती खाली सरकते.

१०:४४
सेव्ह. तेच नाव, तोच पेनड्राइव्ह. कंट्रोल-झेड अजून चालेल.

११:०५
अनुक्रमणिका आणि तक्त्यांची यादी अद्ययावत करते. तक्ता ४.६, पान ११७. अगदी बरोबर.

११:३०
वर्ड बंद. मागे घेण्याच्या कृतींची यादी फाइल उघडी असेपर्यंतच टिकते. आता कंट्रोल-झेडही गेलं.

गुरुवार, सकाळी ९:१५
पीडीएफ सरांना पाठवते. पीडीएफमध्ये कागदाबाहेरचं काही येत नाही. कालच्या वर्ड फाइलमध्ये माहिती फक्त दिसत नव्हती, या फाइलमध्ये ती दिसण्याजोगीही नाही.

९:५०
सर मोबाइलवर उघडतात. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश. ‘छान. करा सादर.’

११:२०
विद्यापीठासमोरचं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान. छपाई सुरू करण्याआधी ऑपरेटर पानांच्या यादीवरून नजर फिरवतो.

‘मॅडम, एक पान आडवं आहे, असं सांगितलं होतं ना तुम्ही? इथं सगळी उभीच दिसतायत.’

हा एकच माणूस योग्य प्रश्न विचारतो. तो विचारतो बांधणीसाठी, कारण आडव्या पानाचा माथा कण्याकडे घ्यावा लागतो.

‘पानं किती दाखवतंय?’

‘दोनशे अकरा.’

‘मग बरोबर आहे. ते आपोआप फिरत असेल.’

तो मान डोलावतो. मागे सात जण उभे आहेत.

११:५५
१,०५५ कागद छापून झाले. ऑपरेटर गठ्ठे ठोकून सारखे करतो. पानांचे क्रमांक तपासतो. क्रमांक सलग आहेत.

दुपारी ३:५५
प्रती हातात येतात. ती कण्यावरचं नाव पाहते, स्पेलिंग दोनदा वाचते, सह्यांची पानं उघडते. प्रकरण पाचही उघडते. कोरं पान गेलंय ना, हे पाहण्यासाठी. गेलं आहे. उजव्या हाताला ११८, पहिलाच परिच्छेद: तक्ता ४.६ च्या शेवटच्या तीन रकान्यांवरून असे दिसून येते की. छपाई एकाच बाजूला आहे, त्यामुळे डाव्या हाताला ११७ ची कोरी पाठ.

४:३८
खिडकी. मुदत पाचची. लिपिकाकडे यादी आहे: मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल, शुल्काची पावती, सीडी, प्रतींची संख्या. तक्त्याचे रकाने मोजावेत असं यादीत नाही, असायचं कारणही नाही.

४:५२
आवक नोंदवहीत शाईने: प्रती ५, पृष्ठे २११, त्रुटी निरंक.