अलिबागला गेलात, पण कोर्लईला?

अलिबाग म्हणजे आपल्यासाठी काय? शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडायची, मांडव्याला उतरायचं आणि बीचवर पडून राहायचं. मीही चार वर्षं हेच केलं. आज थोडं पुढे जाऊ.

आधी थळ. किनाऱ्यावरून दोन बेटं दिसतात, उंदेरी आणि त्यामागे खांदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. मुंबई बंदराच्या अगदी तोंडाशी! इंग्रजांनी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली. पण मायनाक भंडारींच्या हलक्या होड्या रात्री त्यांना चुकवून रसद पोचवत राहिल्या. ऑक्टोबरच्या लढाईत तर 'डव्ह' हे इंग्रजी जहाजच मराठ्यांनी पकडलं. मग जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने उंदेरी घेतली आणि शेजारची बेटं एकमेकांवर तोफा डागू लागली.

आता दक्षिणेला. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की पुढे कोर्लई. वर डोंगरावर किल्ला, खाली गाव. चौल-रेवदंड्याचा हा टापू पोर्तुगीजांनी १७४० मध्ये सोडला. ते गेले, पण इथल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून जन्मलेली एक बोली राहिली. नाव 'नौ लिंग', म्हणजे 'आपली भाषा'. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी! बोलणारे हजाराच्या आसपास.

मी उत्साहात फोन काढला आणि एका काकूंना म्हटलं, "काहीतरी बोलून दाखवा ना." त्या हसल्या. "आधी बस, पाणी पी." मला लाजल्यासारखं झालं. फोन खिशात ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी नातवाला त्यांच्या बोलीत हाक मारली, काहीतरी विचारलं. त्याने उत्तर दिलं मराठीत.

तेच माझ्या डोक्यात राहिलंय. खांदेरी २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, छानच झालं. पण किल्ल्याचा दगड ढासळला तर परत बसवता येतो. नातवाने आजीला मराठीत उत्तर दिलं, तर तिथे काय बसवणार? आणि ते मराठी आपलंच आहे, हेही विसरायला नको.

तर पुढच्या वेळी कोर्लईला जा. किल्ला बघा, गावात थांबा, पाणी प्या. "बोलून दाखवा" म्हणू नका. नुसतं ऐका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!