ॲलर्जीजन्य दमा आणि अमिनो आम्ले : आर्जिनिनच्या दोन वाटा

नवी दिल्ली : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी या आजाराने ४ लाख ५५ हजार जणांचा मृत्यू झाला. धूळ, परागकण, बुरशी किंवा पाळीव प्राण्यांचे केस यांमुळे दमा उफाळतो, हे सर्वपरिचित आहे. मात्र हे घटक श्वासावाटे आत गेल्यानंतर श्वासनलिकेतील पेशींच्या चयापचयात जे बदल घडतात, त्यांचे महत्त्व गेल्या दोन-तीन दशकांतील संशोधनातून पुढे आले आहे. या बदलांच्या केंद्रस्थानी आर्जिनिन हे अमिनो आम्ल आहे.

एकाच आम्लाचे दोन वाटेकरी

अमिनो आम्ले हे प्रथिनांचे मूलघटक होत. आर्जिनिनचा वापर मात्र केवळ प्रथिने घडविण्यापुरता मर्यादित नाही. नायट्रिक ऑक्साईड सिंथेज या विकराच्या, म्हणजेच एन्झाइमच्या साहाय्याने त्यापासून नायट्रिक ऑक्साईड आणि सिट्रुलिन तयार होते. नायट्रिक ऑक्साईड हा वायू श्वासनलिकेभोवतीचे स्नायू सैल ठेवण्यास मदत करतो. आर्जिनेज हे दुसरे विकर त्याच आर्जिनिनचे ऑर्निथिन आणि युरियात रूपांतर करते. ऑर्निथिनपासून पुढे पेशींच्या वाढीला चालना देणारी पॉलिअमाईन्स आणि कोलॅजेनसाठी लागणारे प्रोलिन तयार होते.

ॲलर्जीच्या प्रतिक्रियेत रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ हे संदेशवाहक रेणू स्रवतात. त्यांच्या प्रभावाने आर्जिनेजचे प्रमाण वाढते. अमेरिकेतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रायोगिक दमा असलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतील जनुकांचा अभ्यास केला असता आर्जिनेजची सक्रियता ठळकपणे दिसून आली. आर्जिनिन या वाटेने अधिक खर्च झाल्यास स्नायू सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साईडसाठी ते कमी उरते. दीर्घकाळात श्वासनलिकेची भिंत जाड होण्यासही ही प्रक्रिया हातभार लावते, असे मानले जाते.

उच्छ्वासातील विरोधाभास

असे असूनही ॲलर्जीजन्य दम्याच्या अनेक रुग्णांच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साईड वाढलेले आढळते. दाहामुळे श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशी या वायूची निर्मिती वाढवितात, हे त्याचे कारण. ‘फेनो’ ही चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. प्रौढांमध्ये दर अब्ज भागांत ५० हून अधिक भाग हे प्रमाण उच्च, तर २५ हून कमी प्रमाण अल्प मानले जाते. मात्र आर्जिनिनची टंचाई असताना तेच विकर सुपरऑक्साईड हा घातक रेणूही तयार करू लागते. त्याच्याशी संयोग झाल्यावर नायट्रिक ऑक्साईडचे पेशींना इजा करणाऱ्या पेरॉक्सीनायट्राईटमध्ये रूपांतर होते. म्हणूनच ‘फेनो’चा वाढलेला आकडा दाहाचा निदर्शक ठरतो, श्वासनलिका सैल राहण्याची ती हमी नव्हे.

अन्य अमिनो आम्लांचाही या आजाराशी संबंध आहे. ॲलर्जीची लक्षणे निर्माण करणारे हिस्टामिन हे हिस्टिडिनपासून बनते. ट्रिप्टोफॅनचे कायन्युरेनिनमध्ये होणारे विघटन रोगप्रतिकारक प्रतिसादाला लगाम घालू शकते. या मार्गाचा दम्याशी असलेला संबंधही अभ्यासला जात आहे.

पूरक आहाराने दमा बरा होतो का?

दिल्लीतील सीएसआयआरच्या जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आर्जिनिनच्या मोठ्या मात्रेमुळे उंदरांमधील श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता आणि दाह कमी झाल्याचे नोंदविले. माणसांवरील चाचण्यांत मात्र आर्जिनिनच्या पूरक मात्रेमुळे दम्याचे झटके लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे दिसले नाही. तोंडावाटे घेतलेल्या आर्जिनिनचा मोठा वाटा आतडे आणि यकृतातील आर्जिनेजच विघटित करते, हे त्यामागील एक संभाव्य कारण आहे.

सिट्रुलिन हा अडथळा टाळते आणि शरीरात त्याचे पुन्हा आर्जिनिनमध्ये रूपांतर होते. लठ्ठपणा असलेल्या दमा रुग्णांवरील २०१९ मधील एका छोट्या अभ्यासात त्यापासून काही सुधारणा दिसली. तथापि तो अल्पकालीन प्राथमिक प्रयोग होता. उपचार म्हणून शिफारस करण्यासाठी मोठ्या चाचण्या आवश्यक आहेत.

व्यायामशाळांत आणि औषध दुकानांत अमिनो आम्लांच्या भुकट्या सहज मिळतात. परंतु दम्यावरील औषधाला पर्याय म्हणून त्या घेण्यास कोणताही आधार नाही. श्वासावाटे घेतली जाणारी स्टेरॉईड औषधे हाच दाह नियंत्रणाचा मुख्य आधार आहे. ‘जिना’ या जागतिक उपक्रमाने २०१९ पासून प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या इनहेलरवर अवलंबून न राहण्याचा सल्ला दिला आहे. त्यामुळे बरे वाटू लागले तरी डॉक्टरांच्या सल्ल्याविना इनहेलर बंद करू नये.