नाव न लागलेली माणसं

माहुलची जुनी माणसं जमिनीबद्दल बोलतात ती भरती-ओहोटी धरूनच. एका अंगाला तुर्भ्याची टेकडी, दुसऱ्या अंगाला थेट शिवडीपर्यंत पसरलेली खाडी आणि मधे खारबांध घालून राखलेली भाताची खाचरं. पावसाळ्यात भात, पुढे वर्षभर निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी. आगरी-कोळी घरांचं पोट या दोन्हींवर मिळून भरायचं. आजी सांगायची, "शेत बापयांचा, पन खाडी समद्यांची."

1951 मध्ये केंद्र सरकारने परदेशी तेल कंपन्यांशी करार केले. 1954 मध्ये स्टॅनव्हॅकची रिफायनरी सुरू झाली, 1955 मध्ये बर्मा शेलची. 1956 मध्ये तुर्भ्याला टाटांचं वीजकेंद्र आलं, मग अणुसंशोधन केंद्र, खत कारखाना. देशाला तेल हवं होतं, वीज हवी होती, हे आमच्या घरात कुणी कधी नाकारलं नाही. आमची खाचरं त्याच काळात एका प्रकल्पाला गेली. आजी त्याबद्दल सांगताना सरकारपेक्षा घरातल्याच माणसांवर जास्त बोलायची. ते असं का, हे मला तिच्या पश्चात, 1894 चा भूसंपादन कायदा वाचल्यावर कळलं.

आमच्या सातबाऱ्यावर थोरल्या आजोबांचं एकट्याचं नाव होतं आणि त्यापुढे तीन अक्षरं, 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. धाकटे आजोबा, म्हणजे आजीचे यजमान, होडीवर असायचे. वाटणी झालेली नव्हती, कारण तशी गरजच कुणाला वाटली नव्हती. कापणीला सगळं घर उतरायचं आणि कणगी एकच होती. संपादनाची नोटीस आली ती थोरल्यांच्या नावाने. इसम घरी सापडला नाही तर नोटीस त्याच्या घरातल्या प्रौढ पुरुषाला द्यावी, असं त्या कायद्याच्या 45 व्या कलमात लिहिलेलं होतं. घरात दिवसभर असायच्या त्या बायका. त्यांच्या हाती कागद देऊन चालणार नव्हतं.

निवाडा झाला आणि थोरल्यांनी अंगठा उठवून एका तुकड्याचे पैसे घेतले. रक्कम कमी वाटत असेल तर 18 व्या कलमाखाली कोर्टाकडे दाद मागता येत होती, पण तिला मोजक्या आठवड्यांचीच मुदत होती. शिवाय 31 व्या कलमाची अट अशी, की पैसे घेताना 'हरकत राखून' असं म्हटलं नाही, तर वाढीव मोबदला मागण्याचा हक्क संपत असे. हे दोन शब्द त्यांना कुणी सांगितले नाहीत.

दुसऱ्या तुकड्यावर धाकट्यांनी हरकत घेतली. हिस्सा कुणाचा किती असा वाद निघाला की कलेक्टर तो 30 व्या कलमाखाली कोर्टाकडे पाठवू शके, आणि तोवर रक्कम कोर्टात जमा. ताबा मात्र थांबत नसे. ताबा घेतला की जमीन सगळ्या बोजांतून मोकळी होऊन सरकारची होई. आमची खाचरं भरावाखाली गेली तेव्हा दोघे भाऊ त्या खाचरांच्याच पैशासाठी तारखा घेत होते. घरात चूल वेगळी झाली ती तेव्हा. पुढे दोघेही गेले, आणि वारस नोंदींचे कागद त्याच दाव्यात चढत राहिले.

त्याच 31 व्या कलमात आणखी एक वाक्य होतं. ज्याने मोबदला घेतला, त्याने तो खऱ्या हक्कदाराला देण्याची जबाबदारी कायम राहील. वाचायला न्याय्य वाटतं. पण त्याचा अर्थ असा, की पैसे नाव असलेल्याला दिले की सरकार मोकळं. बाकीच्यांनी आपापल्या भावावर दावा लावावा. जमीन सरकारने घेतली आणि तिच्यापायी होणारं भांडण आमच्या ओटीवर ठेवून दिलं. थोरले आजोबा लबाड होते असं मी लहानपणी ऐकलं होतं. आज मला ते तसे वाटत नाहीत.

या दोघांची बहीण, आमची आत्याआजी, तिला तर कुणी विचारलंही नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला हिस्साच नव्हता. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना जन्मतः हिस्सेदार मानलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तीही अट गेली, आणि वडील हयात असोत-नसोत, हक्क जन्माचाच, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं.

आणि खाडी? तिला सातबाराच नव्हता, म्हणून निवाड्यात तिची किंमत शून्य. कालवं फोडणाऱ्या, चिखलात गुडघाभर उतरून निवट्या धरणाऱ्या बायकांचं उत्पन्न कुठल्याच रकान्यात बसलं नाही. 2013 च्या नव्या कायद्याने मात्र पाण्यावर पोट असलेल्या मच्छीमारांना 'बाधित कुटुंबां'त घेतलं. पलीकडे उरणला 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95.19 कोटी रुपये द्यावेत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिला. ही भरपाई मासेमारी बुडाल्याची होती. माहुलच्या बायकांसाठी हे सगळं साठ वर्षं उशिरा आलं.

आता आमच्याकडे राहिलंय ते गावठाणातलं घर. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की पहिला प्रश्न येतो, मिळकत पत्रिकेवर नावं कुणाची? चुलत भावंडांत लगेच सूर निघतो, बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेऊ, म्हणजे काम सोपं होईल. मी त्याला उभा विरोध करतो. बहिणीला सोडायचं असेल तर ती सोडेल, पण आधी वारस म्हणून तिचं नाव लागू दे, कागद तिला वाचून दाखवू दे, आणि मग तिला ठरवू दे. भावंडांत गोडी आहे तोवरच हे करायचं असतं. नोटीस दारात आल्यावर वेळ कायद्याच्या हातात जातो, आणि तो कुणासाठी थांबत नाही.