रंजकद्रव्ययुक्त सांडपाणी, उल्हास खोऱ्यातील

कापडाची रंगाई व धुलाई करताना धाग्यावर न टिकता पाण्याबरोबर वाहून जाणारी रंजकद्रव्ये वनस्पतिज पदार्थांनी वेगळी करणे व मोजणे, या विषयाला ठाणे जिल्ह्यातील बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर या पट्ट्यात विशेष महत्त्व आहे. सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी या पट्ट्यातील व कल्याण परिसरातील लोकवस्तीला पिण्याचे पाणी पुरविते. तिला मिळणारी वालधुनी ही छोटी नदी अंबरनाथच्या १०६० मधील शिवमंदिराजवळून व पुढे उल्हासनगरच्या दाट वस्तीतून वाहते.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरोघरच्या लघुउद्योगांतून येथे पुढे जीन्स शिवण्याचा, रंगविण्याचा व धुण्याचा व्यवसाय वाढला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) अंबरनाथ व बदलापूर येथील वसाहतींत रासायनिक कारखाने आले. जलप्रदूषण रोखण्यासाठी राज्याने १९६९ मध्ये व केंद्राने १९७४ मध्ये कायदा केला; परंतु गल्लीबोळांतील धुलाई केंद्रांपर्यंत त्याचा हात सहजी पोहोचला नाही.

जीन्सचा निळा रंग हा निळीचा. जर्मनीत १८९७ पासून कृत्रिम नीळ व्यापारी प्रमाणावर बनू लागली व वनस्पतिज नीळ मागे पडली. नीळ पाण्यात विरघळत नाही. सोडियम हायड्रोसल्फाइटाने क्षारीय पाण्यात तिचे क्षपण केले म्हणजे ती विद्राव्य होऊन धाग्यात शिरते आणि हवेत पुन्हा निळी होते. धुलाईत ती सूक्ष्म कणांच्या रूपाने सुटते. त्यामुळे जीन्सच्या सांडपाण्यातील पुष्कळसा निळा रंग तुरटी वा चुन्याने साका करून खाली बसविता येतो. १९५६ मध्ये बाजारात आलेल्या विक्रियाशील रंजकांचे तसे नाही. त्यांचा न बसलेला भाग पाण्यात पूर्ण विरघळलेला राहतो व साध्या गाळणीने निघत नाही.

अशा विरघळलेल्या रंगासाठी अधिशोषण उपयोगी पडते. कोळशाचा रंगहारक गुण लोव्हित्स यांनी १७८५ मध्ये दाखविला. लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये अधिशोषणाचे समीकरण मांडले. बेलफास्ट येथील संशोधकांनी १९७६ मध्ये पीट व लाकूड यांवर अम्ल रंजकाचे प्रयोग प्रसिद्ध केले. भाताचे तूस, लाकडाचा भुसा, नारळाची करवंटी, संत्र्याची साल असे टाकाऊ पदार्थ पुढे तपासले गेले. त्यांतील सेल्युलोज व लिग्निन यांवरील ऋणभारित स्थाने धनभारित रंजक धरून ठेवतात. म्हणूनच प्रयोगशाळांत मिथिलीन ब्ल्यू वारंवार वापरला जातो व फळही उत्तम मिळते. मात्र सुती कापडासाठी तो क्वचितच वापरतात. विक्रियाशील रंजक ऋणभारित असल्याने कच्च्या तुसाला ते फारसे चिकटत नाहीत. त्यासाठी पाणी अम्लधर्मी करावे लागते किंवा तुसावर रासायनिक प्रक्रिया करावी लागते.

मापनासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर वापरतात. मिथिलीन ब्ल्यू सुमारे ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सर्वाधिक शोषतो व विरल विद्रावात हे शोषण संहतीच्या प्रमाणात असते. रंग फार विरळ असल्यास बरेचसे पाणी वनस्पतिज पदार्थाच्या थरातून सोडून, अडकलेला रंग थोड्या अल्कोहॉलात वा अम्लात उतरवून घेतात व मग मोजतात. निळीचे कण प्रकाश विखुरतात. त्यामुळे ती योग्य विद्रावकात विरघळविल्याखेरीज आकडा विश्वसनीय ठरत नाही. नाल्यात अनेक रंग मिसळलेले असतात, तेथे कोणत्याही एका तरंगलांबीवरचे मापन अपुरे पडते.

वनशक्ती या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल दंडाचा आदेश दिला. त्यानंतरच्या काळात उल्हासनगरातील जीन्स धुलाईची अनेक केंद्रे बंद पडली वा अन्यत्र गेली. तुसाने पाणी रंगहीन झाले तरी रंगाईतील मीठ व सोडा त्यात तसेच राहतात, आणि रंगाने भरलेल्या तुसाची विल्हेवाट वेगळीच लावावी लागते. ते उघड्यावर टाकल्यास पहिल्या पावसात रंग पुन्हा नाल्यात उतरतो.