अपघातानंतर रक्त थांबत का नाही? नगर जिल्ह्यात पहिले तीन तास का मोलाचे?

अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातून नगर शहर शंभर किलोमीटरहून लांब आहे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे लोकांच्या तोंडचं नगरच, १४ तालुक्यांत पसरलाय. नगर-मनमाड, नगर-पुणे, नगर-कल्याण हे रस्ते इथले, कोपरगाव भागातून समृद्धी महामार्गही जातो. गंभीर जखमीला मोठ्या रुग्णालयात न्यायला जो वेळ लागतो, त्याच वेळात त्याच्या शरीरातली रक्त गोठवणारी यंत्रणा कोलमडू शकते.

भाजी चिरताना बोट कापलं तर प्लेटलेट्स जखमेवर जमतात, रक्तातली प्रथिनं जाळी विणतात आणि काही मिनिटांत रक्त थांबतं. मग मोठ्या अपघातात काय बिघडतं?

ही सामग्री रक्ताबरोबर वाहून जाते, हे एक कारण. पण लंडनमधल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये हजाराहून जास्त जखमींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण चारातल्या एकाचं रक्त रुग्णालयात येतानाच नीट गोठत नव्हतं. जबर मार बसला आणि अवयवांना रक्त कमी पडलं की शरीर गुठळी विरघळवण्याचं काम वेळेआधीच सुरू करतं. त्यात अंग गार पडतं, रक्तातलं आम्ल वाढतं. या दोन्हींमुळे रक्त आणखी कमी गोठतं, म्हणून आणखी वाहतं. डॉक्टर याला जीवघेणं त्रिकूट म्हणतात. अशा वेळी बाटल्यांवर बाटल्या सलाईन चढवलं तर उरलेलं रक्त पातळ आणि थंड होतं. सलाईन लावलं म्हणजे उपचार झाले, हा आपल्याकडचा समज इथे महागात पडू शकतो.

गुठळी विरघळू न देणारं एक जुनं, स्वस्त औषध आहे: ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. जपानमधल्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीने १९६० च्या दशकात ते शोधलं. २०१० मध्ये ४० देशांतल्या २०,२११ जखमींवरच्या चाचणीचे निकाल आले. भारतातली रुग्णालयंही त्यात होती. औषध न मिळालेल्यांमध्ये मृत्यू १६ टक्के, मिळालेल्यांमध्ये १४.५ टक्के. फरक छोटा वाटेल, पण हजारामागे १५ जीव. अट एकच: इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. त्यानंतर दिलं तर उलट धोका वाढल्याचं दिसलं.

पुढचा टप्पा रक्ताचा. नुसत्या लाल पेशी पुरत नाहीत, त्यांच्या जोडीला प्लाझ्मा आणि प्लेटलेट्सही लागतात. प्लाझ्मा गोठवून ठेवतात, तो वापरण्याआधी वितळवावा लागतो. प्लेटलेट्स सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि साधारण पाचच दिवस टिकतात. छोट्या रुग्णालयात त्या तयार मिळणं म्हणूनच अवघड.

रस्त्यावर असलेल्या माणसाच्या हातात काय आहे? १०८ ला फोन करा. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून पाहू नका. ओले कपडे काढून चादर, शाल, जे मिळेल ते पांघरा, उन्हाळ्यातही. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन देऊ नका. अपघाताची वेळ लक्षात ठेवा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही. जखमीचे नातेवाईक असाल तर हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का, हे डॉक्टरांना न विचारता सांगा. त्यावर उपचार बदलतात.