'कितवी स्टेज?' या प्रश्नामागची नोंदवही

आपल्याकडे कुणाला कॅन्सर झाल्याचे कळले की भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितवी स्टेज?" उत्तर 'पहिली' आले की सुटकेचा निःश्वास, 'तिसरी' आले की सगळे गप्प. बोर्डाचा निकाल ऐकावा तसा हा आकडा आपण ऐकतो. पण तो ठरवला कुणी आणि कशावरून, हे फारसे कुणी विचारत नाही. मी डॉक्टर नव्हे, सरकारी कचेरीत फायली सांभाळणारा कारकून. तरी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपुरता हा इतिहास वाचताना लक्षात आले की तो जेवढा शस्त्रक्रियेचा आहे, तेवढाच नोंदवह्यांचाही आहे.

गोष्ट लंडनची. तिथे सेंट मार्क्स नावाचे इस्पितळ 1835 साली फ्रेडरिक सॅमन यांनी गुदाशयाच्या व्याधींनी पिडलेल्या गरिबांसाठी काढले. सुरुवातीला खाटा अवघ्या सात. गुदाशयाचा कॅन्सर तेव्हा जवळजवळ असाध्यच होता. 1908 मध्ये लंडनचेच सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी पोट आणि खालची बाजू अशा दोन्हीकडून शस्त्रक्रिया करून गुदाशय आसपासच्या लसिकाग्रंथींसकट काढण्याची पद्धत मांडली. अशा मोठ्या शस्त्रक्रियांमुळे कॅन्सर नेमका कुठवर पोचला होता हे काढलेल्या भागावरून तपासता येऊ लागले.

सेंट मार्क्सचे सर्जन लॉकहार्ट-ममरी यांनी 1926-27 मध्ये आपल्या 200 रुग्णांचा अहवाल लिहिताना त्यांचे ए, बी, सी असे गट केले. पण या विभागणीला शिस्त लावली ती त्याच इस्पितळात 1922 साली रुजू झालेल्या कथबर्ट ड्यूक्स या पॅथॉलॉजिस्टने. शस्त्रक्रियेनंतर काढलेला आतड्याचा तुकडा त्यांच्याकडे यायचा. ते तो उलगडून बघत, त्याला चिकटलेल्या लसिकाग्रंथी एकेक वेगळ्या करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासत.

त्याआधी अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या ब्रॉडर्स यांनी पेशींचे रूप किती बिघडले आहे यावरून कॅन्सरची प्रतवारी सुचवली होती. ड्यूक्सनी तीही वापरून पाहिली. पण पेशी दिसतात कशा यापेक्षा कॅन्सर पोचला कुठवर हे पुढचा अंदाज बांधायला अधिक कामाचे, असे त्यांना दिसले. 1932 साली त्यांनी आपले वर्गीकरण प्रसिद्ध केले. गाठ आतड्याच्या भिंतीतच असेल तर 'ए', भिंत ओलांडून बाहेर आली पण लसिकाग्रंथी स्वच्छ असतील तर 'बी', आणि लसिकाग्रंथींत कॅन्सर सापडला तर 'सी'. इतके सोपे की कुणालाही पाठ व्हावे.

पण नुसते गट करून भागत नाही. कुठल्या गटातले किती जण पुढे जगले हे कळायला वर्षानुवर्षे हिशेब ठेवावा लागतो. इथे बसी हे नाव येते. हा माणूस डॉक्टर नव्हता. लहान वयात ड्यूक्सच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला आणि अनेक दशके नोंदी सांभाळत राहिला. 1958 साली ड्यूक्स आणि बसी या दोघांच्या नावाने या नोंदींचा निष्कर्ष छापून आला. इतर कारणांनी झालेले मृत्यू वगळता पाच वर्षांनी 'ए' गटातले शंभरातले सुमारे 98 जण हयात होते, 'बी'मधले 78 आणि 'सी'मधले 32. लेखनिकाच्या टाचणांतून उभा राहिलेला हा आकडा पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला.

मग व्हायचे तेच झाले. प्रत्येकाने ड्यूक्सच्या अक्षरांत आपली भर घातली. 1935 मध्ये ड्यूक्स आणि सहकाऱ्यांनी 'सी-1' म्हटले ते गाठीच्या जवळच्याच लसिकाग्रंथी बाधित असताना. 1954 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅस्लर आणि कोलर यांनी 'सी-1' हेच नाव गाठ भिंतीतच, पण लसिकाग्रंथी बाधित अशा रुग्णांना दिले. एकच शेरा, अर्थ दोन! सरकारी फायलीत असे झाले तर काय गोंधळ उडतो, हे मला वेगळे सांगायला नको.

यावर उपाय म्हणून फ्रान्सच्या पिएर दनुआ यांनी 1943 ते 1952 या काळात घडवलेली 'टीएनएम' पद्धत पुढे आली. 'टी' म्हणजे मूळ गाठ किती खोल, 'एन' म्हणजे लसिकाग्रंथी किती बाधित, 'एम' म्हणजे दूरच्या अवयवात पसरला का. कॅन्सरविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेने 1968 मध्ये तिची पहिली पुस्तिका काढली. आज रिपोर्टवर 'टी-3, एन-1' असे दिसते ते हेच, आणि पहिली ते चौथी स्टेज यांच्याच जोडणीतून निघते.

आता मुद्द्याची गोष्ट. 2004 मध्ये अमेरिकेतील 1,19,363 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तिसऱ्या स्टेजच्या पहिल्या उपगटातले 83 टक्के पाच वर्षांनी हयात निघाले, तर दुसऱ्या स्टेजच्या 'बी' उपगटातले 72 टक्के. म्हणजे 'तिसरी'वाले काही जण 'दुसरी'वाल्यांपेक्षा बरे! कारण तिसऱ्याच्या त्या उपगटात गाठ उथळ असते, तर तेव्हाच्या वर्गीकरणात दुसऱ्याच्या 'बी'मध्ये ती आतड्याच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत किंवा शेजारच्या अवयवापर्यंत गेलेली असे. शिवाय मोठ्या आतड्याच्या तिसऱ्या स्टेजला शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी द्यावी अशी शिफारस 1990 पासून होती, तिचाही वाटा असावा.

दुसरे असे, की लसिकाग्रंथी किमान 12 तरी तपासाव्यात असा आजचा दंडक आहे. चार-पाचच पाहिल्या तर बाधित गाठ नजरेतून सुटू शकते आणि तिसरी स्टेज 'दुसरी' म्हणून नोंदली जाते. फाईल अपुरी असली की निर्णयही अपुरा.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी 'तिसरी' ऐकली आणि उपचारांची तारीख घेण्याऐवजी जमिनीचे एक-चौदाचे उतारे गोळा करायला सुरुवात केली. त्यांची चूक नव्हे, आकडा त्यांना तसाच ऐकवला गेला होता. केमोथेरपीचा सगळ्यात स्पष्ट फायदा ज्या गटात सिद्ध झाला तो हाच, हे त्यांना कुणी सांगितलेच नाही.

आपल्या देशात कॅन्सरची पहिली नोंदणी मुंबईत 1963 साली इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. अशा नोंदींत जो कुणी पाच वर्षे लक्षात ठेवून पाठपुरावा करतो, त्याच्यामुळेच पुढच्या रुग्णाला काही सांगता येते. स्टेज म्हणजे आपल्या आधी गेलेल्या माणसांची सरासरी. शंभरातले किती, एवढे ती सांगते. त्या शंभरात आपण कोण, हे ती सांगत नाही. म्हणून रिपोर्ट हातात आला की नुसती स्टेज विचारू नका. गाठ किती खोल, लसिकाग्रंथी किती तपासल्या, त्यांतल्या किती बाधित आणि आता उपचार कोणता, हे विचारा.